नववं रीळ

महाराष्ट्र होऊन कैक वर्षं झाली होती, निजाम जाऊन त्याहून जास्त, पण सिनेमाच्या धंद्यात आमचा मराठवाडा अजून निजामाच्याच मुलखात होता. वितरकांचा आपला एक वेगळा नकाशा असे. त्यात मुंबईच्या इलाख्यात पुणे-सातारा-कोल्हापूर यायचं, वऱ्हाड-खानदेशाचा इलाखा निराळा, आणि आमचं नाव होतं 'निजाम'. हैदराबादेत बसलेला वितरक हिंदी आणि तेलुगू सिनेमांच्या पेट्या इकडं रवाना करायचा. मराठी सिनेमाशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. आणि मराठी सिनेमा काढणाऱ्या पुण्या-मुंबईच्या लोकांना आम्ही नकाशावर आहोत हे सगळीकडचं उरकलं की मग आठवायचं. आज हे कुणाला सांगितलं तर ऐकणारे हसतात, त्यांना त्यात गंमत वाटते. मला ती तेव्हाही वाटली नाही, आणि आता सत्तरी ओलांडली तरी वाटत नाही. ज्यांना माझा स्वभाव भांडखोर वाटतो त्यांनी हे प्रकरण वाचावं, मग बोलावं.

माझे वडील, अण्णा, त्या निजामाच्या मुलखात मराठी सिनेमा आणणारे. आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या कचेऱ्यांत कारकुनी. आजोबा मोडी आणि उर्दू दोन्ही सारख्याच सफाईनं लिहायचे म्हणे. अण्णाही तहसिलीत चिकटले होते. एकदा पुण्याला कुणाच्या लग्नाला गेले आणि तिथं 'समई चित्र' या स्टुडिओचा पहिला सिनेमा पाहून आले. परतल्यावर नोकरीचा राजीनामा दिला. स्टुडिओचे मालक बापूसाहेब. त्यांना अण्णांनी पत्र लिहिलं, की तुमचा सिनेमा मराठवाड्यात मी लावतो. नातेवाइकांनी काय काय बोलायचं ते बोलून घेतलं. पण भागीदारी जमली आणि दहा वर्षं टिकली. त्या दहा वर्षांत समईनं सासू-सुनेचे, तमाशाचे, देवीच्या कौलाचे असे जेवढे सिनेमे काढले, ते सगळे जालना, परभणी, बीड, नांदेड आणि जत्रांमधल्या तंबूंपर्यंत अण्णांनी पोचवले. आमच्या शहरात ते लागायचे करीमभाईंच्या दिलखुश टॉकीजमध्ये. तेव्हा आम्ही शहराला औरंगाबाद म्हणायचो. आता संभाजीनगर म्हणायची सवय झाली आहे, पण त्या दिवसांचं लिहायला बसलं की जुनंच नाव हाताखाली येतं.

औरंगपुऱ्यात माडीवरच्या अडीच खोल्यांत आम्ही तिघं राहायचो, आई, अण्णा आणि मी, आणि चौथा भिडू म्हणजे सिनेमाची पेटी. पत्र्याची, काळी, दोघांनी उचलावी अशी. ती आली की पुढच्या खोलीतल्या मेजावर रिवाइंडर बसवायचा, रीळ गुंडाळायचं यंत्र, हातानं फिरवायचं. त्याची खर्रखर्र दुपारभर चालायची आणि खालचे बिऱ्हाडकरू त्यावरून ओळखायचे की नवा खेळ आला. तुटलेली फीत जोडायच्या सिमेंटला पिकून काळ्या पडलेल्या केळ्यांसारखा वास. आईनं सुरुवातीलाच फर्मान काढलं होतं, की देवाचा नैवेद्य होईतो पेटी उघडायची नाही आणि रिळाला हात लावलेल्यानं लोणच्याच्या बरणीजवळ फिरकायचं नाही. मात्र रिळांचे निकामी डबे तिनं स्वयंपाकघरात कधी नेले ते आम्हाला कळलंसुद्धा नाही. पापड त्यात असा चपखल बसायचा की डबा पापडासाठीच घडवला असावा. फळीवर ओळीनं डबे, प्रत्येकावर रिळाचा आकडा; चारमध्ये उडदाचे, सातमध्ये पोह्याचे, अकरामध्ये खारवड्या. पाहुण्यांसमोर आई मला 'सात नंबर आण गं' म्हणायची आणि पाहुणे बुचकळ्यात पडायचे.

रीळ तपासायचं काम अण्णांनी मला बारा-तेराव्या वर्षी शिकवलं. फीत दोन बोटांच्या चिमटीतून सरकू द्यायची, कडेची भोकं फाटली असतील तर बोटाला कळतं, जोड असेल तर कळतो, जोड नवा की जुना तेही कळतं. मला इतकं कळायला लागलं की मी खिडकीबाहेर बघत रीळ तपासायचे. आणि त्या बोटांनीच मला पहिल्यांदा राग यायला शिकवलं. कारण आमच्याकडं येणारी प्रिंट कधी नवी नसायचीच. पुण्यात महिनोन्‌महिने चाललेली, मग कोल्हापूर, मग सांगली, मग सगळ्यांचं समाधान झाल्यावर आमच्याकडं. तोवर तिच्यात ठिकठिकाणी तुकडे उडालेले. लावणीचं एक कडवं गेलेलं, नायिका दारात उभी आहे तोच एकदम विहिरीवर. आमचे लोक हे सगळं मुकाट बघायचे. त्यांना वाटायचं सिनेमा असाच असतो. मी अण्णांना म्हणायचे, तुम्ही लिहा बापूसाहेबांना, एक नवी प्रिंट आपल्यालाही द्या म्हणावं. अण्णा म्हणायचे, मिळतंय ते काय कमी आहे, उद्या तेही बंद केलं तर? पाच-सहा वर्षं मी हेच उत्तर ऐकलं. अण्णांवर माझा जीव होता, पण त्यांचं हे उत्तर मला सहन व्हायचं नाही.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना समईनं 'माळावरची सून' काढायला घेतला. शहरातली मुलगी मेंढपाळाच्या घरात सून म्हणून येते, अशी गोष्ट. त्यातला एक प्रसंग खऱ्या माळावर, खऱ्या मेंढरांत घ्यायचा होता, आणि बापूसाहेबांना दौलताबादच्या किल्ल्याखालचा माळ पसंत पडला. माणसं जमवायचं काम अर्थात अण्णांचं. तिथं म्हाळूबाबा आणि त्यांची बायको धुरपदाबाई यांचा वाडा उतरला होता, वाडा म्हणजे मेंढरांचा तळ. म्हाळूबाबांनी आधी साफ नकार दिला. मेंढरं बुजतात म्हणाले. अण्णा त्यांच्याजवळ मांडी घालून बसले, चहा प्याले, आणि त्यांनी शब्द दिला, की तुम्ही सिनेमात दिसाल आणि आमच्याच शहरात, दिलखुशला, तुम्हाला तुमचं सगळं दिसेल. तीन दिवस चित्रीकरण चाललं. मी रोज बसनं जायचे. म्हाळूबाबा पांगलेल्या मेंढरांना हाळी घालायचे तशी हाळी पुण्याहून आलेल्या एकाही नटाला जमेना, शेवटी ध्वनिमुद्रकानं वैतागून त्यांचीच हाळी टेपवर घेतली. तेव्हा धुरपदाबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या.

पावसाळ्यानंतर म्हाळूबाबा गेले. ताप डोक्यात गेला, एवढंच कळलं. दिवसकार्य झाल्यावर धुरपदाबाई आठवडी बाजाराला आल्या की आमच्या जिन्याच्या पायरीवर टेकायच्या. आई त्यांना चहा आणि धपाटं द्यायची. खोलीत या म्हटलं तरी यायच्या नाहीत. दर वेळी एकच विचारायच्या, सिनेमा कधी लागणार. एकदा मी विचारलं, एवढी घाई का हो मावशी? त्या म्हणाल्या, "ह्यांचा फोटू नाय काडला कवा. एक बी नाय. नातू इचारतो, आजा कसा व्हता. त्या तुमच्या सिनेमात तेवढे हायेत बघ." हे त्या रडवेल्या होऊन बोलल्या नाहीत. बाजारात भाव सांगावा तसं सांगितलं.

पुण्यात 'माळावरची सून' लागून, गाजून, थकून झाल्यावर पेटी आमच्याकडं आली ती एका गुरुवारी. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी दुपारी बायकांचा खास खेळ ठेवला होता आणि त्याआधी दहा वर्षांच्या भागीदारीनिमित्त खुद्द बापूसाहेबांचा सत्कार. नैवेद्य झाल्यावर मी रीळं तपासायला घेतली. आठपर्यंत नेहमीचं. नववं रीळ हातात घेतलं तेव्हाच ते हलकं लागलं. मध्यावर आले तर बोटाला जोड लागला, सफाईदार, कापून केलेला. तुटून झालेला जोड असा नसतो. मी फीत खिडकीच्या उजेडात धरली. जोडाच्या अलीकडं सून घराबाहेर पडते, पलीकडं ती चुलीपुढं बसली आहे. माळ नाही, मेंढरं नाहीत, माणसं नाहीत. अख्खी पेटी मी दोनदा पाहिली. तुकडा कुठंच नव्हता. अण्णांनी करीमभाईंच्या टॉकीजमधून पुण्याला फोन लावला, तेव्हा कळलं की पुण्यातल्या प्रेक्षकांना तो प्रसंग संथ वाटला म्हणून दुसऱ्या आठवड्यातच सगळ्या प्रिंटमधून उडवला.

मी म्हटलं, अण्णा, उद्याचा खेळ रद्द करा. अण्णा म्हणाले, बापूसाहेब येताहेत, हार आणलाय, दौलताबादहून बायका येताहेत, आता काय रद्द करतेस. मी म्हटलं, त्या बायका ज्यासाठी येताहेत तेच त्यात नाही. अण्णांचं तेच उत्तर, मिळतंय ते काय कमी आहे. त्यावर मी त्यांना जे बोलले ते मुलीनं बापाला बोलू नये. शब्द तुम्ही दिला होतात की पुण्याच्या पब्लिकनं, असं विचारलं. ते उठून गॅलरीत गेले.

शुक्रवारी सकाळी मी पेटीतून पहिलं रीळ काढलं आणि स्वयंपाकघरात नेऊन पापडांच्या डब्यांच्या चळतीत खाली सरकवलं. पहिलं रीळ नसेल तर खेळ सुरूच होत नाही, एवढा साधा हिशोब. आई पुरण वाटत होती. तिनं माझ्याकडं पाहिलं, डब्यांकडं पाहिलं, आणि म्हणाली, तो उडदाचा डबा वर ठेव, जेवायच्या वेळी लागेल. बास. दहा वर्षं सिनेमाबद्दल चकार शब्द न काढलेली बाई.

बापूसाहेब आले, गोरेपान, सिल्कचा झब्बा, स्वभावानं खरं तर वाईट नव्हेत. आईच्या हातची येसराची आमटी त्यांनी वाटी वाटी मागून घेतली, अशी पुण्यात मिळत नाही म्हणाले. धुरपदाबाई तांबडं लुगडं नेसून, नातवाला घेऊन, नेहमीच्या पायरीवर येऊन टेकल्या होत्या. दार उघडंच होतं. तेवढ्यात करीमभाई धापा टाकत जिना चढून आले. "देशपांडेसाब, ऑपरेटर बोलता पहला रीळ नहीं है पेटी में. औरतां आके घंटा हुआ, क्या बोलूं मैं उनको?" अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. मी वाढता वाढता थांबले आणि सांगून टाकलं, की रीळ मी लपवलंय, आणि नवव्या रिळातला तुकडा आल्याशिवाय देणार नाही.

बापूसाहेब हसले. मुलगी तेज आहे म्हणाले. मग पुरणपोळीवर तूप घेत त्यांनी अण्णांना समजावून सांगितलं, अगदी शांतपणे, "अहो देशपांडे, चार मिनिटांचा तुकडा तो. पुण्यात लोक चुळबुळ करायचे म्हणून काढला. इकडच्या लोकांना कुठे कळतंय काय कापलं नि काय ठेवलं? दहा वर्षांत कुणी तक्रार केली?"

मला वाटलं आता मी काहीतरी भयंकर बोलणार. पण बोलली आई. हातात पळी तशीच. "बापूसाहेब, इकडच्या लोकांचा त्यात नवरा आहे. त्या पायरीवर बसल्यात, त्यांना विचारा कळतंय का."

बापूसाहेबांनी दाराकडं पाहिलं. धुरपदाबाई उठल्या नाहीत, हात जोडले नाहीत, नुसत्या त्यांच्याकडं बघत राहिल्या. नातू पोळी खात होता. आणि मग अण्णा, जे भरल्या ताटावरून कधी उठले नव्हते, पानात पुरणपोळी तशीच ठेवून उठले. हात धुतले. टोपी घातली. करीमभाईंना म्हणाले, खडू आहे का टॉकीजवर? आणि दोघं जिना उतरून गेले. मी मागोमाग धावले.

दिलखुशच्या दारात आजच्या खेळाचा फळा असायचा. अण्णांनी त्यावरचं 'सत्कार समारंभ' पुसलं आणि आजोबांकडून आलेल्या त्या सुबक अक्षरात लिहिलं, 'सिनेमा अपुरा आला आहे. पुरा आल्यावर दाखवू. — देशपांडे.' दोनशे बायका फळ्यापुढं. वाचता येणाऱ्यांनी न येणाऱ्यांना वाचून दाखवलं. मला वाटलं गलका होईल, पण एक म्हातारी तेवढी म्हणाली, "बरं केलं बाबा. अर्धं कशापायी बघायचं." आणि बायका पदर सावरत निघाल्या. बापूसाहेब रिक्षातून उतरले तेव्हा हार काउंटरवर तसाच पडला होता. त्यांनी फळा वाचला. मोठ्यानं बोलायचा त्यांचा स्वभाव नव्हता. एवढंच म्हणाले, "तुकडा पाठवतो. मेंढरं बघा तुमची. पण देशपांडे, आपलं इथंच संपलं."

हल्ली माझी नात मला मॉलमधल्या थेटरात नेते. तिथं मराठी सिनेमाला सकाळचा नाहीतर दुपारचा एखादा खेळ देतात, तोही चार दिवसांत काढतात, आणि कारण विचारलं तर तेच ऐकायला मिळतं, इकडं चालत नाही. मी काउंटरवर वाद घालते, नात माझा दंड धरून ओढते. ओढू दे. मी त्या पोरीला सांगते, आपल्याला काय कळतं आणि काय चालतं हे लांब बसलेल्यानं ठरवायचं आणि आपण मान डोलवायची, हे आपल्या घरात एकदा बंद झालंय, ते बंदच राहील.

तुकडा चार दिवसांनी एस.टी.च्या पार्सलमधून आला. छोटासा डबा आणि त्याच्यासोबत लिफाफा. लिफाफ्यात समईचा कागद. करार रद्द, यापुढं मराठवाड्याचं वितरण हैदराबादच्या अमुक कंपनीकडं. आईनं तो वाचला आणि अण्णांच्या कोटाच्या खिशात ठेवला. अण्णा म्हणाले, सुमे, जोड तूच घाल. मी नववं रीळ मेजावर घेतलं, सफाईदार जोड कात्रीनं उघडला, कड खरवडली, सिमेंट लावलं. तुकड्यात पहिल्यांदा किल्ल्याचा बुरूज, मग माळ, मग म्हाळूबाबांची पाठमोरी आकृती. कोपर मेजावर घट्ट टेकवून मी जोड दाबून धरला. आजवर मी घातलेल्या हजारो जोडांत तो एक मला अजून बोटात जाणवतो.

पुढच्या शुक्रवारी दुपारी दिलखुश भरलं. दौलताबादच्या बायका टेंपोतून आल्या होत्या, पोरंबाळं घेऊन, अर्ध्या जणी खुर्च्या सोडून जमिनीवर बसलेल्या. अण्णा आणि मी वर ऑपरेटरच्या खोलीत, त्या छोट्या भोकातून खाली बघत. नववं रीळ लागलं. सून घराबाहेर पडली आणि पडद्यावर एकदम उन्हाचा माळ उघडला. म्हाळूबाबा वळले. त्यांचा चेहरा थेटराएवढा मोठा, कपाळावर भंडारा, एक डोळा उन्हानं बारीक केलेला. आणि त्यांनी हाळी घातली. पुण्यात ज्यावर लोक चुळबुळले तीच ही चार मिनिटं. इथं एक पोर रडलं नाही. तुकडा संपला, चूल आली, सून भाकरी थापायला लागली, आणि अंधारातून धुरपदाबाईंचा आवाज आला, चढा नव्हे, सांगितल्यासारखा, "परत दावा." मग आणखी एकीचा. मग सगळ्यांचा.

करीमभाई जिना चढून वर आले. रीळ एकदा चालवलं की परत चालवायचं नाही, झिजतं, ही समईच्या करारातली पहिली अट होती आणि दहा वर्षं अण्णांनी ती सगळ्या थेटरवाल्यांच्या कानीकपाळी ओरडून पाळायला लावली होती. करीमभाई दारातच थांबले. "देशपांडेसाब, नीचे औरतां सुनतेच नहीं. पर करार में मना है ना?"

अण्णांनी खिशातून समईचा तो कागद काढून करीमभाईंच्या हातात दिला. मग कोट काढून खिळ्याला अडकवला, बाह्या वर सारल्या आणि ऑपरेटरला बाजूला व्हायला सांगितलं.

"करार उरलाय कुठं, करीमभाई," ते म्हणाले. "जा, सांगा त्यांना, लावतोय."